मावशी, एक विचारू? : ४२ हजारांची खोली आणि समुद्र

प्रिय मावशी,

मी इंदिरानगरला राहते. वय २९. इथल्याच एका शाळेत गणित शिकवते, हातात ३२ हजार येतात. नवरा अंबडच्या एका कारखान्यात होता, त्याला आता मुंबईत लोअर परळला नोकरी लागली आहे. हातात ९५ हजार येतील. नाशिकचा टू बीएचके आमचा स्वतःचा, त्याचा हप्ता १४ हजार. सासूबाई आमच्याबरोबर असतात. त्यांना पेन्शन आहे, तब्येत ठणठणीत आहे, आणि आपण नाशिक सोडणार नाही हे त्यांनी विचारायच्या आधीच जाहीर करून टाकलंय.

गेल्या दोन रविवारी आम्ही मुंबईत घरं पाहिली. माहीमला एक खोली-किचन, एजंट म्हणतो ३१० चौरस फूट. भाडं ४२ हजार, डिपॉझिट दीड लाख, वर एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली. खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण सात-आठ मिनिटं चाललं की समुद्र. डोंबिवलीला दोन बेडरूमचं घर, नवी इमारत, लिफ्ट, पार्किंग, भाडं १९ हजार. नवऱ्याला माहीमचं आवडलंय. खरं सांगायचं तर मलाही. त्या दिवशी दादर चौपाटीवर तासभर बसलो होतो. इतकं बरं वाटलं की परतताना कसारा येईपर्यंत दोघंही गप्प होतो. पण घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आपल्या हॉलएवढ्या खोलीला ४२ हजार? तेवढ्यात इथे बंगल्याचा हप्ता जाईल." आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येईना. मोठ्या दिरांनी तिसरंच सुचवलंय, की नवऱ्याने पंचवटी एक्सप्रेसने रोज जाऊन-येऊन करावं, "किती लोक करतात!"

समुद्रासाठी एवढे पैसे घालवणं हा वेडेपणा आहे का?

— गणिताची बाई, इंदिरानगर

अगं, गणित तू शिकवतेस आणि हिशेब मला घालतेस! पण बरं केलंस, कारण तू पाहिलेल्या दोन्ही गावांत मी राहिलेली आहे. १९८४ साली लग्न होऊन रविवार कारंजावरून थेट डोंबिवलीला गेले. तिथे तीन वर्षं, मग माहीमला ३१ वर्षं, शितळादेवीच्या देवळाजवळ. २०१८ ला बँकेतून निवृत्त झाले आणि नाशिकला परतले. तेव्हा मी जे सांगेन त्यात माझा पक्षपात आहे, हे आधीच धरून चाल.

दिरांच्या पंचवटीचं पहिल्यांदा मिटवू. गाडी गुणी आहे, १९७५ पासून धावतेय, आणि पासधारकांचा तिच्यात एक वेगळा संसार आहे. वाढदिवस, हळदीकुंकू, भजन, पत्ते, सगळं डब्यातच. पण नाशिकरोड ते सीएसएमटी १८७ किलोमीटर आहे. सकाळी सातच्या सुमाराची गाडी म्हणजे इंदिरानगरहून सव्वासहाला निघणं, आणि संध्याकाळी सव्वासहाची परतीची गाडी धरून घरी पोचेपर्यंत रात्रीचे दहा. ज्यांच्या ऑफिसची वेळ त्या गाडीशी जुळलेली आहे त्यांचं निभतं. खाजगी नोकरीत साहेबांनी साडेपाचला "पाच मिनिटं येता का" म्हटलं की गाडी गेली. दिरांना म्हणावं, आधी एक आठवडा तुम्ही करून दाखवा.

डोंबिवलीला मी नावं ठेवणार नाही. शेजारपाजार मायेचा, नाटक-वाचनाचं वेड असलेलं गाव, आणि आमचा थोरला तिथेच झाला. पण माझं ऑफिस फोर्टात होतं. तिथून मरीन ड्राइव्ह चालत पंधरा मिनिटं. तीन वर्षांत मी समुद्र किती वेळा पाहिला असेल? दोनदा. एकदा नाशिकहून आई-वडील आले म्हणून गेटवेला, आणि एकदा संपाच्या दिवशी. बाकी रोज संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून व्हीटीकडे पळायचं, कारण ती एक फास्ट चुकली तर पुढचीत पाय ठेवायला जागा नसे. पदर खोचून, पर्स छातीशी धरून पळणारी ती मी आठवली की आजही दम लागतो.

आता हिशेब. डोंबिवलीच्या घरापासून ऑफिसच्या दारापर्यंत रिक्षा, फास्ट लोकलने दादर, पूल चढून पश्चिम रेल्वेचा फलाट, तिथून स्लो गाडीने लोअर परळ. सगळं सुरळीत चाललं तर १ तास ४० मिनिटं. माहीमहून लोअर परळ चौथं स्टेशन. दोन्हीकडचं चालणं धरून ३५ मिनिटं. जाता-येता रोजची २ तास १० मिनिटं वाचली, महिन्याचे कामाचे २४ दिवस धरले तर ५२ तास. भाड्यातला फरक २३ हजार. म्हणजे तासाला ४४० रुपये आणि वर चिल्लर. आता नवऱ्याचा पगार तासावर काढ. रोज ९ तास, २४ दिवस, २१६ तास. ९५ हजार भागिले २१६, पुन्हा ४४०च्या आसपास! मी मुद्दाम जुळवलेलं नाही, तुझेच आकडे आहेत. म्हणजे माहीमच्या खोलीत तो स्वतःचे तास स्वतःच्याच पगाराच्या भावाने परत विकत घेतोय. यात कोणी कोणाला लुटत नाहीये. आणि उद्या तुला मुंबईत नोकरी लागली की तुझे तास त्याच भाड्यात येतील.

आणखी एक गोष्ट हिशेबाच्या वहीत मावत नाही, पण सांगते. २६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला फक्त ७३. आम्हाला फोर्टात बसून काही कळलंच नाही. नेहमीचा पाऊस वाटला. बाहेर पडले तर लोकल बंद, फोन लागेना. मी चालायला लागले. हिंदमाता बुडालंय असं वाटेत कोणीतरी म्हणालं म्हणून वरळीकडून वळसा घेतला. पाच तास लागले. एका हातात चपला, दुसऱ्या हातात कोणा अनोळखी बाईचा हात. रात्री घरी होते, गरम आमटी-भात खाल्ला. माझ्या डोंबिवली-कल्याणच्या मैत्रिणी दोन रात्री बँकेतच टेबलांवर झोपल्या. असा दिवस रोज येत नाही. पण मुंबईत गाड्या बंद पडण्याचे छोटे-छोटे दिवस दर पावसाळ्यात येतात, आणि चालत गाठता येईल असं घर त्या दिवशी किती मोठं वाटतं ते तेव्हाच कळतं.

एवढं वाचून तू सामान बांधायला घेतलं असशील तर थांब. ५२ तास विकत घेतलेस, त्यांचं करणार काय? संध्याकाळी साडेसातला घरी येऊन दोघं दोन मोबाइल घेऊन दोन भिंतींना टेकणार असाल तर माहीमची खोली तुम्हाला तुरुंग वाटेल. मग डोंबिवलीच घ्या, तिथे निदान टेकायला भिंती जास्त आहेत.

आमची खोली २४० चौरस फूट होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पाणी पहाटे साडेपाच ते सात. पाहुणा आला की दिवाण ओढून मोरीच्या दाराला लावायचा, आणि मग मोरीत जायचं तर पाहुण्याला उठवायचं. पण आमचा हॉल समुद्रावर होता. जेवण लवकर उरकून, थर्मासमध्ये चहा घेऊन आम्ही शिवाजी पार्कच्या मागच्या कट्ट्यावर जाऊन बसत असू. मुलांचा अभ्यास तिथे, भांडणं तिथे, थोरल्याने बारावीनंतर काय करायचं ते ठरलं तिथे, आणि यांना साखर निघाली ते यांनी मला सांगितलंही तिथेच. समुद्र दर वेळी सुंदर असतो असं समजू नकोस. जूनच्या उधाणात भिंतीवरून लाट आली की शहराने वर्षभर टाकलेलं सगळं रस्त्यावर परत येतं. प्लॅस्टिक, नारळ, चपला, गणपतीच्या मखराचे तुकडे. वासही येतो. ओहोटीला किनारा बघवत नाही. तरी दुपार टळली की पश्चिमेचा खारा वारा सुटतो, घामाचा चिकटपणा तसाच असतो पण डोकं निवतं, आणि सूर्य बुडताना आजूबाजूची अनोळखी माणसं एकदम बोलायची थांबतात. त्याचं भाडं कोणी घेत नाही.

शिवाय घराबाहेरचं पुष्कळ काही त्या भागात स्वस्त किंवा फुकट आहे, आणि गंमत म्हणजे लांब राहणाऱ्याला तेच परवडत नाही. शिवाजी मंदिरला नाटक पाहून साडेअकराला आम्ही चालत घरी यायचो, तेव्हा डोंबिवलीचा प्रेक्षक तिसरा अंक घड्याळाकडे बघत काढायचा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही. सिटीलाइटजवळ गोपी टँकच्या बाजारात पापलेटाकडे बघून पुढे जायचं आणि मांदेलीचा वाटा घ्यायचा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट आणि कडधान्यं. तुम्ही खात नसाल तर सोडून दे, पण माहीमला राहून मासे न खाणं म्हणजे नाशिकला राहून द्राक्षं न खाणं.

महिन्याचं आता पटकन बघ. ९५ हजारांतून भाडं गेलं, उरले ५३. नाशिकचा हप्ता १४ हजार. वीज २ हजार, गॅस ६०० रुपये, कामवाली साडेतीन हजार, किराणा-भाजी-मासे १३ हजार, लोकलचा पास आणि इकडंतिकडं अडीच हजार, फोन-इंटरनेट १,२००, नाशिकच्या फेऱ्या ३,२००. बेरीज ४० हजार. हातात राहिले १३ हजार. त्यात औषधपाणी, लग्नकार्यं, चप्पल तुटणं. म्हणजे कडकी नाही, पण शिल्लकही म्हणवत नाही. दोन गोष्टींवर हे टिकेल. एक, तुला वर्षाच्या आत मुंबईत नोकरी लागायला हवी. (गणिताच्या शिक्षिकेला लागते. शाळा नाही तर क्लास. माहीम-दादरच्या आया शिकवणीला कमी करत नाहीत.) आणि दोन, सुरुवातीचा फटका कर्ज न काढता सोसायला हवा. दीड लाख डिपॉझिट, ४२ हजार दलाली, ४२ हजार पहिलं भाडं, टेम्पो, करार. अडीच लाखांच्या आसपास. एवढे बाजूला नसतील तर सहा महिने थांबा. तोवर नवऱ्याला पेइंग गेस्ट म्हणून राहू दे.

तसंही त्याने आधी एकट्यानेच जावं, आणि तू शाळेचं वर्ष पुरं करून मग जावंस असं मला वाटतं. मधल्या काळात घर निवांत शोधता येईल. आणि जमलं तर ते पावसाळ्यात शोधा. डिसेंबरात मुंबईतलं प्रत्येक घर गोड दिसतं. जुलैत जा, कपाटाच्या मागे नाक घालून वास घ्या, छताच्या कोपऱ्यात हात फिरवा. खाऱ्या हवेने काँक्रीटमधल्या सळ्या गंजून फुगतात आणि छज्ज्याखालचं प्लास्टर पोपडे धरून पडतं. बाहेरून वर बघून सळ्या दिसतायत का तेवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. इमारत ३० वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, सोसायटीत सरळ विचारा. पश्चिमेची खिडकी मागा, पण लक्षात ठेवा, ती आठ महिने वारा देते आणि चार महिने पोचारा हातात देते. एजंटाचे ३१० फूट टेप लावून मोजा. माझ्या अंदाजाने आतून २५० भरतील.

करार लिव्ह अँड लायसन्सचाच, लेखी आणि नोंदवलेला. तो नोंदवून घेणं कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं (डिपॉझिटचा किंचित भार धरून), आणि नोंदणी शुल्क शहरात १ हजार. तुमच्या ११ महिन्यांच्या कराराला सरकारी खर्च अडीच हजारांच्या आतच येतो, तेव्हा एजंटाने दहा हजार सांगितले तर हिशेब लेखी माग. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जो जादा आकार घेते तो मालकाचा. तोही सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाही. तो तुमच्या गळ्यात मारू देऊ नका. आणि राहायला गेल्या दिवशी घराचे कानाकोपऱ्यांसकट फोटो काढून मालकाला पाठवा. आमच्या वेळी फोटो कुठले? १९८७ साली डोंबिवलीचं भाड्याचं घर सोडताना मालकाने रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटमधले पंधराशे कापले. रंग आम्हीच आदल्या दिवाळीत दिला होता! आज ऐकायला थोडे वाटतील, तेव्हा माझ्या अर्ध्याहून जास्त पगार होता तो. अजून विसरले नाही.

राहिल्या सासूबाई. बंगल्याच्या हप्त्याचं त्यांचं बोलणं खोटं नाही. हप्ता भरून वस्तू हातात राहते, भाडं भरून पावती राहते. पण बंगला नाशिकला आणि नोकरी लोअर परळला, या दोन वाक्यांच्या मध्ये कसारा घाट आहे. त्यांना सांग, घर कुठे जात नाही, इथलंच आहे, आणि दर दुसऱ्या शुक्रवारी आम्ही येणार. ते पाळायचं मात्र, हं. आणि मुंबई परकी वाटत असेल तर हेही सांग, की मुंबईला पाणी देणाऱ्या ७ तलावांतलं अप्पर वैतरणा आपल्या नाशिक जिल्ह्यातलं. त्र्यंबकच्या डोंगरातलं पाणी तिकडे कधीच राहायला गेलंय.

मी काय करेन? माहीम घेईन. तीन वर्षांसाठी, तारीख घालून. तीन वर्षांनी त्याच कट्ट्यावर बसून पुन्हा हिशेब करायचा. आणि आठवड्यातल्या चार संध्याकाळी तुम्ही दोघं समुद्रावर गेला नाहीत तर करार वाढवायचा नाही.

*

आदरणीय ताई,

मी ६४ वर्षांचा, गिरगावात जन्मलो, तिथेच नोकरी करून निवृत्त झालो. घर पागडीचं, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या कायमच्या भाडेहक्काचं, दोन खोल्या, इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी. आता पुनर्विकास ठरला आहे. पत्नीचं माहेर नाशिकचं, तिला गंगापूर रोडला स्थायिक व्हायचं आहे. ती म्हणते, हक्क विकून टाकू आणि कायमचे जाऊ. मी ४० वर्षं रोज संध्याकाळी चौपाटीवर फिरतो. नाशिकला मला करमेल का?

— एक गिरगावकर

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर पहिल्या वर्षी "नाही" असं आहे. मी स्वतः नाशिकची, तरी २०१८च्या दिवाळीनंतर मला संध्याकाळी सहा वाजले की काय करावं कळत नसे. पाय आपोआप घराबाहेर पडायचे आणि कोपऱ्यावर जाऊन थांबायचे. सोमेश्वरला गोदावरी आहे, छान आहे, पण नदीला पलीकडचा काठ दिसतो. ज्याला पलीकडे काही न दिसायची सवय आहे त्याचं तेवढ्याने भागत नाही. आणि हवा! मुंबईत कातडीला कधी काही लावलं नव्हतं. इथे पहिल्या जानेवारीत ओठ फाटले, टाचा फाटल्या. निफाडला पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा आपल्यालाही त्याची झळ लागते. थंडीची झळ, हो, तिलाही झळच म्हणायची. मे महिन्यात उलट, ऊन चाळिशीला टेकतं, पण घाम वाळतो आणि रात्री झोप लागते. दुसऱ्या वर्षापासून मला ती झोप आवडायला लागली. आज मुंबईला गेले की दोन दिवसांत अंग चिकट होऊन परतावंसं वाटतं, आणि तिसऱ्या दिवशी इथे आल्यावर तो वारा हवासा वाटतो. हे असंच राहणार.

पण हक्क आत्ता विकू नका, एवढं वहिनींना माझ्याकडून ठामपणे सांगा. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात पात्र रहिवाशाला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं घर मिळतं, मालकीचं. आज पागडी विकायची तर घरमालकाला हिस्सा द्यावा लागतो, रिवाजाने तो तिसऱ्या भागाच्या आसपास. म्हणजे आपलं मोठं घर होण्याच्या तोंडावर लहान घर स्वस्तात देऊन टाकायचं.

त्यापेक्षा इमारत पाडतील तेव्हा विकासक जे ट्रान्झिट भाडं देईल ते घ्या आणि ती वर्षं नाशिकला भाड्याने राहा. गिरगावच्या हिशेबाने मिळणाऱ्या भाड्यात गंगापूर रोडला ऐसपैस घर येतं आणि वर महिन्याचा किराणाही निघतो. करमलं तर नवं घर तयार झाल्यावर काय ते ठरवा, नाही करमलं तर परत जायला जागा आहे. मात्र करार नोंदवलेला हवा आणि भाड्याचे वर्षभराचे धनादेश आगाऊ हातात हवेत. माझ्या एका नात्यातल्या घरी दुसऱ्या वर्षी भाडं बंद झालं आणि इमारतीच्या जागी तीन वर्षं नुसता खड्डा होता. तो खड्डा बघायला ते काका दर महिन्याला लोकलने जायचे. वयाच्या सत्तरीत.

एक आणखी. २०२७च्या सिंहस्थापर्यंत नाशिकमध्ये रस्ते खणलेले असणार आणि घरमालकांची भाड्याबाबत स्वप्नं मोठी असणार. घर बघताना दोन्हींची तयारी ठेवा. घर दवाखान्यापासून चालत असावं, आणि जवळ बाक असलेली बाग असावी. तुमच्यासारख्या माणसाला संध्याकाळी बसायला ठरलेली जागा लागते, ती आधी शोधा, घर मग.

*

मावशी,

मुलगी अंधेरीला पेइंग गेस्ट म्हणून राहते, पहिलीच नोकरी. मी दर महिन्याला डबे भरून पाठवते, चिवडा, मेतकूट, मसाला, पापड. ती म्हणते सगळं आठ दिवसांत सादळतं, नको पाठवूस. मला वाईट वाटतं. तिथलं इतकं महाग, मुलगी खाते तरी काय?

— एक आई, पंचवटी

वाईट वाटून घेऊ नका, मुलगी खरं बोलतेय. तिकडच्या हवेत मीठसुद्धा डबीत दगड होतं. मी मिठात तांदळाचे दहा दाणे टाकत असे. तुम्ही किलोचा डबा पाठवता ना? तिथेच चुकतं. दर वेळी उघडला की ओली हवा आत. चिवड्याच्या मूठ-मूठभर पुड्या घट्ट बांधून पाठवा, एक फोडली की एका बैठकीत संपली पाहिजे. मसाला लहान बाटल्यांत, काठोकाठ भरून. मेतकूट टिकतं, फक्त चमचा कोरडा हवा, हे तिला चार वेळा सांगा. पापड पावसाळ्यात पाठवूच नका.

आणि तिला खरंच जे महाग पडतं ते पाठवा. कोणी येणार-जाणार असेल तर नाशिकची कोथिंबिरीची जुडी, मुळं न कापता, आधी कोरड्या वर्तमानपत्रात आणि वरून ओलसर फडक्यात गुंडाळून. सकाळच्या गाडीने दिलीत तर दुपारपर्यंत तजेलदार पोचते. माझी आई ३१ वर्षांत अशा किती जुड्या पाठवत आली, मोजल्या नाहीत. ताजी कोथिंबीर असली की मुलगी वरण-भात तरी स्वतः करून खाईल. तिच्या खोलीत शेगडीची परवानगी आहे का, तेवढं मात्र आधी विचारा.